भयाचे स्थान : मूलाधार की नाभी?

भय व मानसिक ताण यांचे मूळ स्थान मूलाधारचक्र होय, असे आधुनिक योगविषयक लेखनात वारंवार सांगितले जाते. महाराष्ट्रातच रचला गेलेला एक जुना ग्रंथ मात्र निराळे सांगतो. यादव वंशाचे आरंभीचे नगर चंद्रादित्यपूर म्हणजे आजचे चांदवड, असे इतिहासकार मानतात. त्याच वंशातील सिंघणाच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने देवगिरीस ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यातील पिंडोत्पत्तिप्रकरणात चक्रांच्या दलांची फले दिली आहेत. मूलाधाराच्या चार दलांची फले परमानंद, सहजानंद, वीरानंद व योगानंद अशी चारही आनंदरूप आहेत. भय आढळते ते नाभिस्थानीच्या मणिपूरचक्रात, तृष्णा, ईर्ष्या, लज्जा व मोह यांच्या पंक्तीस.

मराठी वाक्प्रचारांची साक्ष येथे उद्बोधक आहे. ‘पोटात गोळा येणे’ हा प्रयोग नाभीकडे, तर ‘छातीत धडकी भरणे’ हा हृदयाकडे निर्देश करतो. ‘पायाखालची जमीन सरकणे’ यात मात्र आधार सुटल्याची जाणीव आहे. आणि मूलाधाराचे तत्त्व पृथ्वीच होय. आधुनिक मताचे बळ या रूपकात आहे.

भयाच्या वेळी अधिवृक्क ग्रंथींचा स्राव रक्तात मिसळतो व पचनक्रिया मंदावते, हे वॉल्टर कॅनन याने १९१५ च्या ग्रंथात विशद केले. पोटातील गोळ्यास असा शरीराधार आहे. चक्र हे मात्र ध्यानाचे स्थान. विच्छेदनात सापडणारा अवयव नव्हे. म्हणून भयग्रस्तास ‘तुमचा मूलाधार बिघडला आहे’ असे सांगताना प्राचीनांचा हवाला देणाऱ्याने शार्ङ्गदेवाची ही साक्ष अवश्य विचारात घ्यावी.