जुन्या गाडीचा गार्ड : नाव सारखं, मापं वेगळी

जुन्या बुलेटला लेग गार्ड हवाय म्हटलं की दुकानदार विचारतो, ‘मॉडेल कोणतं?’ आपण सांगतो, ‘क्लासिक’ किंवा ‘स्टँडर्ड’. तो वरच्या फळीवरून एक चकचकीत गार्ड काढून समोर ठेवतो. घरी आणून लावायला घेतला की क्लॅम्प पाइपभोवती मिटत नाही, नाहीतर मिटतो आणि खालचं भोक इंजिनाच्या फाउंडेशन बोल्टपासून बोटभर बाजूला येतं. नव्या गाडीला ही अडचण नसते, तिचा गार्ड शोरूममध्येच मिळतो. पंधरा-वीस वर्षं जुन्या गाडीला गार्ड शोधायचा तर मापं जुळवत बसावं लागतं, आणि याबाबत गॅरेजमध्ये ठामपणे सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी टेप लावून बघितल्या की टिकत नाहीत.

‘गाडीचं नाव तेच, म्हणजे गार्डही तोच’

सगळ्यात जास्त पैसे याच समजुतीपायी वाया जातात. बुलेटचंच घ्या. मद्रासेत १९५५ पासून बनत आलेली ही गाडी बाहेरून एकसारखी वाटते, पण टाकीखाली तिच्या निदान चार पिढ्या आहेत. आधी कास्ट आयर्न इंजिन, मग एव्हीएल, मग २००८-०९ पासून इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेलं यूसीई आणि आता जे सिरीज. हे शेवटचं इंजिन २०२० मध्ये मीटिऑरबरोबर आलं, २०२१ मध्ये क्लासिकला मिळालं आणि २०२३ मध्ये खुद्द बुलेटला.

गार्डच्या दृष्टीने इंजिनापेक्षा चॅसी महत्त्वाची. यूसीई गाडीला हँडलच्या बुडापासून इंजिनापुढे उतरणारा एकच पाइप असतो, आणि इंजिन हाच सांगाड्याचा एक भाग असतो. जे सिरीजमध्ये तिथे दोन पाइप आहेत. म्हणजे २०१५ ची क्लासिक ३५० आणि २०२२ ची क्लासिक ३५० या दोन्हींच्या टाकीवर नाव एकच, पण गार्ड धरायची जागाच निराळी. एका पाइपाचा क्लॅम्प दोन पाइपांवर बसवण्याची कोणतीही ‘जुगाडू’ युक्ती मला पटलेली नाही.

पायाची बाजूही बघायला हवी. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. उजवीकडेच टाचेने न्यूट्रल शोधायचा तो छोटा दांडाही असतो. नंतरच्या गाड्यांत गिअर-ब्रेकची अदलाबदल झाली. पुढे झुकलेल्या डाव्या-उजव्या कमानी ज्या पायांसाठी वाकवलेल्या असतात, ते पाय दुसऱ्या पिढीच्या गाडीवर वेगळं काम करत असतात. गार्ड बोल्टांना बसतो, पण बूट घातल्यावर गिअर पूर्ण वर जात नाही.

येझदीची गोष्ट तर याहून गमतीची. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ ते १९९६ या काळात जावा आणि येझदी काढल्या. १९७८ पासूनची रोडकिंग अजून कोल्हापूर-सांगलीकडे कुणाकुणाच्या दारात दिसते. टू-स्ट्रोक, एकच सिलेंडर, पण सायलेन्सर दोन, एकेक बाजूला. किक आणि गिअर यांचा दांडा एकच, तोही डावीकडे. २०२२ मध्ये येझदी हे नाव नव्याने बाजारात आलं ते पाण्याने थंड होणारं फोर-स्ट्रोक ३३४ सीसी इंजिन घेऊन. नव्या गाडीचा गार्ड पुढच्या रेडिएटरला वळसा घालून जातो. जुन्या गाडीवर रेडिएटरच नाही, उलट दोन्ही बाजूंनी बाहेर पडणारी गरम नळी आहे आणि किक मारताना मोठा अर्धगोल फिरणारा दांडा आहे. नावाखेरीज दोघींचं काही जुळत नाही, तरी ‘येझदीचा गार्ड’ म्हणून विचारलं तर दुकानदार नव्या गाडीचाच दाखवणार. त्यात त्याचा दोष नाही.

स्प्लेंडरवाल्यांनीही गाफील राहू नये. १९९४ पासून चालत आलेली स्प्लेंडर वेगळी आणि १२५ सीसीची सुपर स्प्लेंडर वेगळी.

म्हणून विचारताना मॉडेलच्या जोडीला उत्पादनाचा महिना आणि वर्ष सांगावं. ते आरसीवर छापलेलं असतं. नोंदणीचं वर्ष सांगू नये. शोरूममध्ये पडून राहिलेली गाडी पुढच्या वर्षी नोंदली गेली असेल तर नेमका पिढी बदलण्याच्या काठावर घोळ होतो.

‘यूनिव्हर्सल आहे, कशालाही बसतो’

कशालाही बसतो, म्हणजे कशालाच नीट बसत नाही. या गार्डमध्ये क्लॅम्प सरकवता यावा म्हणून भोकांऐवजी लांबट खाचा असतात आणि बहुधा पकड एकाच उंचीवर असते. गाडी आडवी झाली की गार्ड त्या एका पकडीभोवती फिरतो आणि ज्या इंजिनाला वाचवायचं त्याच्याच फिन्सवर जाऊन आदळतो. कास्ट आयर्नच्या फिन्स वाकत नाहीत, तुटतात. वर एक आणि खाली एक अशा दोन जागी धरलेला गार्ड नसेल तर गार्डशिवाय पडलेलं बरं.

‘जितका जड, तितका भक्कम’ आणि ‘स्टेनलेस म्हणजे अस्सल’

वजनाला अर्थ आहे, पण लोक समजतात तो नाही. २५ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पाइपाची भिंत २ मिलिमीटरची असेल तर एका मीटरचं वजन सुमारे १.१ किलो भरतं. भिंत १.२ मिलिमीटरची असेल तर तेच ७०० ग्रॅम. गार्डला साधारण तीन मीटर पाइप लागला असेल तर पट्ट्या सोडून एक ३.४ किलोचा आणि दुसरा २.१ किलोचा होतो. दिसायला दोघे सारखेच. दुकानदार ‘दोन एमएमचा पाइप आहे, साहेब’ म्हणाला की टेपने पाइपाची लांबी मोजावी आणि शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर गार्ड ठेवावा. हिशेब तिथल्या तिथे होतो.

भक्कमपणा वाढवायचा तर नुसतं वजन वाढवण्यापेक्षा पाइपाची जाडी वाढवणं फायद्याचं. भिंत तेवढीच ठेवून पाइप २२ चा २५ केला तर तो वाकायला जवळजवळ दीडपट कठीण होतो. पण इथे एक मेख आहे. गार्ड अजिबात वाकणार नसेल तर पडण्याचा सगळा मार क्लॅम्पमधून चॅसीच्या पुढच्या पाइपाला जातो. गार्ड बदलता येतो. तीस वर्षांच्या गाडीची चॅसी मिळवायची तर भंगारवाल्यांचे उंबरे झिजवावे लागतात, आणि मिळाली तरी तिच्यावर दुसऱ्याच गाडीचा नंबर. पडल्यावर थोडा वाकलेला गार्ड बघून ‘हलका माल निघाला’ म्हणू नये, त्याने त्याचं काम केलेलं असतं. शंभरेक किलोच्या आरएक्स १०० ला बुलेटच्या जाडीचा गार्ड लावणाऱ्यांना तर मी समजूच शकत नाही. दोनशे किलोच्या आसपासच्या गाडीचा हिशेब तिला कशाला लावायचा?

स्टेनलेसचं म्हणाल तर पावसाळ्यात ते उजवं, यात शंका नाही. कोकणात खाऱ्या हवेत क्रोमचा थर एकदा फुटला की खालचं लोखंड भराभर गंजतं. मात्र स्टेनलेस म्हणजे एकच धातू नव्हे. बाजारात २०२ आणि ३०४ असे दोन प्रकार सर्रास असतात. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगेनीज जास्त, म्हणून ते स्वस्त आणि गंजाला लवकर बळी पडणारं. चुंबक लावून फरक कळतो असं सांगतात, त्यात तथ्य नाही. दोन्ही प्रकार चुंबकाला जवळपास सारखाच थंड प्रतिसाद देतात.

‘गार्ड असला की पाय वाचतो’

हा गैरसमज सगळ्यात महाग पडू शकतो. अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांचा अहवाल १९८१ मध्ये आला. त्यात अशा गार्डबद्दल स्पष्ट निष्कर्ष आहे : घोटा आणि पाऊल यांच्या जखमा कमी होतात, पण मांडी, गुडघा आणि पोटरीच्या जखमा तेवढ्याच वाढतात. एकूण बेरीज शून्य. रस्ते तिकडचे, गाड्याही तिकडच्या, हे मान्य. तरी कारण समजायला अवघड नाही. समोरून धडक बसली की अंग पुढे फेकलं जातं आणि पाय गार्डच्या कमानीत अडकतो किंवा तिच्यावर आपटतो.

मग गार्ड कशासाठी? गाडीसाठी, तेही कमी वेगात. पावसात मऊ झालेल्या मातीत साइड स्टँड रुततो आणि गाडी डावीकडे कलंडते, चिखलात पुढचं चाक घसरतं, सिग्नलला पाय टेकवताना तोल जातो. अशा वेळी क्लच कव्हर, गिअरचा दांडा, जुन्या बुलेटच्या उजव्या अंगाचं पॉइंट्स आणि ऑइल पंपांचं टायमिंग कव्हर हे सगळं शाबूत राहतं. जुन्या गाडीच्या मालकाला हे एवढंही पुष्कळ आहे, कारण फुटलेलं कव्हर मिळवायला महिने जातात. पायासाठी चांगले बूट आणि नी-गार्ड घ्यावेत.

‘बोल्ट कुठलाही चालतो, नाहीतर वेल्डिंग मारू’

गार्डची पट्टी फाउंडेशन बोल्टखाली घालायची तर मूळ बोल्ट आखूड पडतो आणि लांब बोल्ट शोधावा लागतो. जपानी घराण्यातल्या गाड्यांवर १० मिलिमीटरच्या बोल्टचे आटे बहुधा १.२५ मिलिमीटर अंतराचे असतात, तर हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो तो १.५ चा. कास्ट आयर्न बुलेटवर बऱ्याच ठिकाणी ब्रिटिश मापाचे आटे आहेत. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे ८ मिलिमीटरचा नट हाताने दोन आटे चढतो आणि मग अडतो. तिथे मेकॅनिकने पाना लावून जोर केला की आटे गेलेच. नमुना म्हणून मूळ बोल्ट खिशात घालून न्यावा आणि डोक्यावर ८.८ कोरलेला बोल्ट मागावा.

काहीच जुळलं नाही की ‘चॅसीलाच टाका मारतो’ असा प्रस्ताव येतो. तो नाकारावा. वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ भिंतीचा पाइप टाक्याशेजारी कमकुवत होतो आणि सिंगल सिलेंडरच्या थरथरीने पुढे नेमका तिथेच चिरतो. शिवाय पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओसमोर उभी करायची असते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करायला मनाई करतं. बोल्टने लावलेला गार्ड काढता येतो, चॅसीवरचा टाका लपवता येत नाही.

‘जुन्या गाडीला आता गार्ड मिळतच नाही’

तयार मिळत नसेल तर करून मिळतो. पुण्यात नाना पेठेत आधी फिरावं. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात त्या काळचा मूळ गार्ड गंजलेल्या अवस्थेत हाती लागला तर सोन्याहून पिवळं, कारण गंज काढता येतो आणि बाक त्याच गाडीसाठी दिलेला असतो. नाहीतर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारख्या ठिकाणी पाइप वाकवून देणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडे फोटो नेऊ नये, गाडी न्यावी.

मापं आपण आधीच घेऊन ठेवावीत. पाइपाची जाडी व्हर्निअर नसला तरी दोऱ्याने कळते. एक वेढा घ्यायचा, दोरा पट्टीवर मोजायचा, ३.१४ ने भागायचं. ८० मिलिमीटर भरला तर पाइप एक इंची, ८८ भरला तर २८ मिलिमीटरचा. वरच्या पकडीपासून फाउंडेशन बोल्टपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी वेगवेगळं मोजावं, कारण कधीतरी पडलेल्या गाडीत ते सारखं असेलच असं नाही.

गार्ड तात्पुरता अडकवला की हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघावं. मग एकाने पुढचा ब्रेक दाबून दुसऱ्याने हँडलवर भार टाकावा. शॉकअप दबला की पुढचं चाक नुसतं वर येत नाही, मागेही सरकतं, आणि उभ्या गाडीला चार बोटं दिसणारी फट खड्ड्यात शून्य होते. किक पूर्ण फिरवावी. इंजिन ऑइलचा नट गार्ड न काढता सुटतो का, हे तर नक्कीच बघावं. क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी घालायची पद्धत आहे. रंग वाचतो, पण रबर दबत जातं आणि बोल्ट ढिले पडतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात ते दोनदा आवळावे लागतात.

‘पोलिस पकडतात’

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुलबारविरुद्ध कारवाई करा असं राज्यांना कळवलं, तेव्हापासून ही भीती आहे. त्याचा रोख चारचाकींपुढे लावल्या जाणाऱ्या, पादचाऱ्यांना घातक ठरणाऱ्या बुलबारवर होता. दुचाकीचे इंजिन गार्ड कंपन्या स्वतःच अ‍ॅक्सेसरी म्हणून विकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड आणि पाय ठेवायची सोय हवीच, आणि कपडा चाकात अडकू नये म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकणारं संरक्षणही हवं, असं तो सांगतो. ते संरक्षण म्हणजे साडी गार्ड. जुनी गाडी ‘रिस्टोअर’ करताना पुढे हजारोंचा गार्ड चढवणारे बरेच जण तोच आधी काढून टाकतात.