आजीला प्रश्न विचारायला कोणी आलं तर

'साठी बुद्धी नाठी' असं आपण सहज म्हणून जातो. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणाऱ्या माणसाला ते शोभतंही. पण माझ्या सासूबाई आमटीत दोनदा मीठ घालू लागल्या, दिवेलागणीला "माझी आई अजून कशी आली नाही?" असं विचारू लागल्या, तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. नणंद माहेरपणाला आली होती. चार दिवस बघून जाताना म्हणाली, "वहिनी, आईशी घरात कोणी धड बोलत नाही, म्हणून तिचं असं झालंय."

आजार मेंदूचा आणि ठपका सुनेवर. हे काही आमच्याच घरचं नाही. डॉ. विक्रम पटेल आणि डॉ. मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात लोकांना एकत्र बसवून म्हातारपणातल्या विसरण्याबद्दल बोलतं केलं होतं. ते काम २००१ साली प्रसिद्ध झालं. लोकांना लक्षणं चांगली ठाऊक होती. पण त्याला आजार असं कोणी म्हणत नव्हतं. वय झालं की असं व्हायचंच, नाहीतर मुलांनी हेळसांड केली, माया केली नाही म्हणून असं झालं, अशीच समजूत होती.

आता सांगा, ज्या घराला असा ठपका बसायची भीती आहे, ते घर कागद-पेन घेऊन आलेल्या संशोधकाला "हो, आमच्या आईला विसरायला होतं" असं सांगेल का? म्हणून आधी आजार समजावून सांगायला हवा. स्मृतिभ्रंश, ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, त्यात मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होतात. अल्झायमर हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. तो कोणाच्या बोलण्या-न बोलण्याने होत नाही.

आमच्याकडेही एकदा दोन मुली पाहणीसाठी आल्या होत्या. मुली चांगल्या होत्या, पण पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी सासूबाईंपुढे एक छापील ओळ धरली आणि म्हणाल्या, "आजी, हे वाचा आणि तसं करा." सासूबाई कधी शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. त्या उठल्या आणि गोठ्यात निघून गेल्या. मीही "नंतर या" म्हणून दार लावलं. ज्या बाईने सगळा संसार तोंडी हिशेबावर केला, तिला माझ्यादेखत नापास केलं, याचा मला राग आला होता.

पुढे कळलं की दोष त्या मुलींचा कमी आणि परीक्षेचा जास्त होता. जगभर वापरली जाणारी ती तीस गुणांची चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तिच्यात वाचायचं असतं, एक वाक्य लिहायचं असतं. न शिकलेल्या माणसाचे गुण तिथेच कापले जातात, डोकं कितीही शाबूत असो. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करताना डॉ. मेरी गांगुली आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांपुढे हीच अडचण आली. तिथे पंचावन्नच्या वरचे पाच हजारांहून जास्त लोक तपासायचे होते आणि त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश निरक्षर होते. मग त्यांनी चाचणीच बदलली आणि १९९५ साली ती प्रसिद्ध केली. 'डोळे मिटा' हे वाचायला लावायचं सोडून "माझ्या तोंडाकडे बघा आणि मी करते तसं करा" असं म्हणायचं. वाक्य लिहायला न लावता "तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा" म्हणायचं. तुमचं गाव कोणत्या पोस्टाखाली येतं, असं विचारायचं. लक्षात ठेवायला शब्द कोणते, तर आंबा, खुर्ची आणि नाणं.

मला हे फार आवडलं. म्हातारीला शाळेत न बसवता शाळाच तिच्या ओसरीवर आणली!

पण आपल्या म्हाताऱ्यांना संशोधनात घ्यायचंच कशाला, असं तुम्ही विचाराल. १९९८ साली कोचीत संशोधकांचा एक गट स्थापन झाला, त्याचं नावच 'दहा-सहासष्ट'. स्मृतिभ्रंश झालेल्या शंभर माणसांपैकी सहासष्ट गरीब आणि विकसनशील देशांत राहतात, पण त्यांच्यावर होणारं संशोधन शंभरात दहासुद्धा नाही, असा त्याचा अर्थ. आपल्या देशात साठीच्या वरच्या ४,०९६ लोकांना तपासून केलेली मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाने साठीपुढच्या १०० जणांत सातांहून थोडे जास्त, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार आहे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यांत जास्त. शहरातल्या शिकलेल्यांनाच तपासलं असतं तर हे दिसलंच नसतं.

आता कोलार जिल्ह्यात, श्रीनिवासपूर तालुक्यात, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं मेंदू संशोधन केंद्र पंचेचाळिशीपुढच्या १०,००० खेडूतांची वर्षानुवर्षं तपासणी करायचं काम करतंय. इतकी माणसं पुन्हापुन्हा यायची तर गावाचा विश्वास बसल्याशिवाय ते होत नाही.

विश्वास कसा बसतो, ते पुन्हा गोव्यातच बघायला मिळतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८१ कुटुंबं होती. स्थानिक भाषा येणाऱ्या कार्यकर्त्यांना थोडं प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवलं. त्या आजार समजावून सांगत, चिडलेल्या माणसाला कसं सांभाळायचं ते दाखवत, सांभाळणाऱ्या बाईचंही ऐकून घेत. अर्ध्या कुटुंबांना ही मदत लगेच मिळाली आणि उरलेल्यांना सहा महिन्यांनी. तुलनेसाठी थांबवलेल्यांना रिकाम्या हाताने सोडलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाल्याचं त्यात दिसलं. नाहीतर रक्त घेऊन गेलेली माणसं पुन्हा तोंड दाखवत नाहीत, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळ जणींना आहे.

तेव्हा कोणी आलं तर दार लावू नका, पण लगेच अंगठाही देऊ नका. माहितीपत्रक मराठीत मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना त्यांच्या माणसांपैकी नसलेला साक्षीदार समोर हवा. हे उपचार आहेत की फक्त अभ्यास, ते स्पष्ट विचारा. रक्त घेणार असतील तर त्याचं काय करणार, निकाल आम्हाला कळणार का, नैतिक समितीचा फोन नंबर कोणता, हेही विचारा. मधूनच नाव काढून घ्यायचा हक्क आहे आणि त्यामुळे दवाखान्यातलं औषधपाणी बंद होत नाही. आणि आजीला सगळं कळत नसलं, तरी तिला विचारा. तिने हात मागे घेतला तर तो नकारच समजायचा.

सासूबाईंना मी परवा गंमत म्हणून तीन शब्द दिले, आंबा, खुर्ची, नाणं. थोड्या वेळाने विचारलं तर म्हणाल्या, "आंबा." उरलेले दोन गेले. मग आंब्याच्या कोयीपासून त्यांच्या माहेरच्या आमराईपर्यंत अर्धा तास बोलत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात याच वेळी, संध्याकाळ झाली की घराबाहेर निघून जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना कसं सांभाळायचं, त्याबद्दल बोलू. नमस्कार.