सही कोणाची, हा दुसरा प्रश्न

रुग्णाच्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा, हा प्रश्न आपल्या रुग्णालयांत बहुधा नातेवाइकाच्या सहीने मिटतो. मात्र रुग्ण स्वतः निर्णय घेण्यास असमर्थ आहे, हे कोणत्या कसोटीवर ठरवायचे, हा त्याआधीचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. संसदेने त्याचे नेमके उत्तर दिले ते मनोरुग्णांपुरते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, उपचारांची माहिती समजणारी, परिणामांचे आकलन असणारी किंवा आपला निर्णय खुणेनेही कळवू शकणारी व्यक्ती सक्षम मानली जाते. तिचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून ती अक्षम ठरत नाही. आपला प्रतिनिधी आधीच नेमण्याची मुभाही तिला आहे.

शारीरिक आजारात शुद्ध हरपलेल्या रुग्णाबाबत मात्र अशी सुस्पष्ट संहिता नाही. १८९० चा पालकत्व कायदा अज्ञानांपुरता आहे. त्यामुळे कोमातील प्रौढाचे पालकत्व मिळवण्यासाठी कुटुंबीयांना उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते.

ही पोकळी न्यायालयांनीच अंशतः भरून काढली. १९७३ मधील हल्ल्यानंतर मुंबईच्या केईएम रुग्णालयात अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये याचिकाकर्त्या लेखिका पिंकी विराणी यांना नव्हे, तर वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या कर्मचाऱ्यांना अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार दिला. रक्ताच्या नात्याइतकेच सेवेचे नातेही ग्राह्य ठरले. २०१८ मध्ये घटनापीठाने मरणासन्न अवस्थेतील उपचारांविषयीच्या पूर्वसूचनापत्रास मान्यता दिली. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी सक्तीची केल्याने ती तरतूद कागदावरच राहिली. २०२३ मध्ये त्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे ठरले. राजधानीतील अनेक मराठी अधिकाऱ्यांच्या लेखणीला हा अधिकार आता प्राप्त आहे.

तरीही ही व्यवस्था उपचार थांबवण्यापुरतीच आहे. स्मृतिभ्रंशाने हळूहळू आकलन गमावणाऱ्या वृद्धाच्या शस्त्रक्रियेला संमती कोणी द्यावी, याचे उत्तर तिच्यात नाही. विधी आयोगाने २००६ आणि २०१२ मध्ये अहवाल देऊनही मरणासन्न रुग्णांच्या उपचारांबाबत संसदेने स्वतंत्र कायदा केलेला नाही. मुलगा दिल्लीत आणि आईवडील साताऱ्यात, अशा घरांना या दिरंगाईची झळ सर्वाधिक बसते. शुद्धीत असताना आपला माणूस लेखी नेमून ठेवणे, एवढेच त्यांच्या हाती उरते. मनोरुग्णाला लागू केलेली क्षमतेची कसोटी इतर रुग्णांना नाकारण्याचे समर्थन मात्र संसदेला करता येणार नाही.