इमॅजिका की वंडरला? एका रस्त्यावरच्या दोन बागा आणि आपला हिशोब

वारणानगर, कोडोली, पेठवडगाव या भागात मोसम संपला, हातात चार पैसे आले की मुलांना कोठे न्यावे हा प्रश्न घरोघरी निघतो. पूर्वी पन्हाळा, जोतिबा, रंकाळा एवढ्यावर भागत असे. आता मुले मोठ्या पाळण्यांच्या बागांची नावे घेतात. त्यांत दोन नावे नेहमी ऐकू येतात. एक खोपोलीजवळचे इमॅजिका, दुसरे बेंगळूरजवळचे वंडरला. वाठारला महामार्गाला लागल्यावर उत्तरेला वळले तर पहिले, दक्षिणेला वळले तर दुसरे. आमच्या कापडाच्या दुकानात बसून गिऱ्हाईक विचारते, "शेठ, दोन्हींत चांगले कोणते?"

या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. एक दिवसाची करमणूक विकत घेणाऱ्याचे उत्तर वेगळे आणि धंदा पाहणाऱ्याचे वेगळे. या पानाचे वाचक व्यापारी आणि कारागीर असल्याने आम्ही दोन्ही देत आहोत. दुसऱ्यावर जरा अधिक थांबू, कारण त्यात आपल्या कामाचे बरेच आहे.

दोन्हींची ओळख

महाराष्ट्रात अशा बागेचा पहिला मोठा प्रयोग १९८९ साली मुंबईच्या गोराई येथे एस्सेलवर्ल्डच्या रूपाने झाला. १९९८ साली त्याच्या शेजारी वॉटर किंगडम ही पाण्याची बाग उघडली. एक संपूर्ण पिढी तेथे खेळून मोठी झाली. पण बहुतेकांना बोटीने खाडी ओलांडून किंवा भाईंदरवरून मोठा वळसा घालून जावे लागे. कोविडनंतर एस्सेलवर्ल्डचे दार बंद झाले.

इमॅजिका एप्रिल २०१३ मध्ये रायगड जिल्ह्यात खोपोली-पाली रस्त्यावर उघडले. ते उभारणारे मनमोहन शेट्टी हे सिनेमाच्या धंद्यातले. फिल्म धुण्याच्या ॲडलॅब्स या प्रयोगशाळेपासून त्यांनी सुरुवात केली होती. म्हणून इमॅजिकात प्रत्येक पाळण्याला एक कहाणी जोडलेली आहे. अलीबाबा आणि चाळीस चोर आहेत, मिस्टर इंडिया आहे, सलीमगढ नावाचा भुताचा किल्ला आहे. नर्मदेच्या खोऱ्यात ज्याचे अवशेष सापडले त्या राजासॉरस डायनासोरच्या नावाची पाण्यातली सफर आहे. नायट्रो हा उंच रोलर कोस्टर स्वित्झर्लंडच्या कंपनीकडून आणलेला आहे. पुढे पाण्याची बाग, हॉटेल आणि बर्फाची बागही झाली.

वंडरलाची कहाणी केरळात सुरू होते. कोचौसेफ चित्तिलापिल्ली यांनी १९७७ साली वडिलांकडून एक लाख रुपये घेऊन व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवण्याचा छोटा कारखाना काढला. तोच आजचा व्ही-गार्ड. या धंद्यात पाय रोवल्यावर, तेवीस वर्षांनी म्हणजे २००० साली, त्यांनी कोचीजवळ वीगालँड ही बाग उघडली. ती चालली तेव्हा २००५ मध्ये बेंगळूर-म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ वंडरला उघडले. कोचीच्या बागेलाही पुढे तेच नाव मिळाले. त्यानंतर २०१६ मध्ये हैदराबाद आणि २०२४ मध्ये भुवनेश्वर. दोन बागांमधली वर्षे वाचकांनी मोजून पाहावीत. पुढच्या हिशोबात ती लागणार आहेत.

गिऱ्हाईकाच्या नजरेने

पहिली गोष्ट अंतराची. वारणानगरहून कराड, सातारा, पुणे करत इमॅजिका सुमारे ३०० किलोमीटर पडते. रात्री गाडी काढली तर सकाळी दारात पोहोचता येते, दिवसभर खेळून रात्री परतता येते. वंडरला बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकूर करत दुपटीहून लांब आहे. मिरजेहून बेंगळूरला रेल्वे आहे, तरी मुक्काम चुकत नाही. पाच माणसांच्या कुटुंबाला मुक्कामाचे भाडे आणि दोन दिवसांचे खाणे धरले की तिकिटापेक्षा वरचा खर्चच मोठा होतो.

दुसरी गोष्ट तिकिटाची. वंडरलात एकाच तिकिटात कोरडे पाळणे आणि पाण्याचे खेळ दोन्ही येतात. इमॅजिकात कोरड्या बागेचे तिकीट वेगळे आणि पाण्याच्या बागेचे वेगळे. म्हणून दोघांच्या तिकिटाची किंमत नुसती शेजारी ठेवून पाहू नये. काय काय मिळते ते आधी लिहावे, मग भाव करावा. दर दिवसागणिक बदलतात. शनिवार-रविवार आणि सणासुदीला चढे, अधल्या-मधल्या दिवशी उतरते. दुकानाला ज्यांची सुट्टी मधल्या वारी असते, त्यांना तिकीटही स्वस्त पडते आणि रांगही कमी लागते.

तिसरी गोष्ट हवेची. खोपोली सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. तेथे उन्हाळ्यात घाम निघतो आणि पावसाळ्यात धो धो कोसळते. मात्र इमॅजिकाचे बरेच खेळ छताखाली आहेत. बिडदीची हवा त्या मानाने सौम्य, पण तेथला मुख्य आनंद उघड्यावरचा आणि पाण्यातला आहे.

चौथी गोष्ट कपड्याची. ती आमच्या धंद्यातली असल्याने जरा खुलासा करतो. दोन्हीकडे पाण्यात उतरताना सुती कपडा, जीन्स किंवा साडी चालत नाही. सुताचे तंतू सुटतात आणि पाणी गाळणाऱ्या यंत्रात अडकतात. शिवाय भिजलेला सुती कपडा जड होऊन अंगाला ओढ देतो, घसरगुंडीवर ते धोक्याचे असते. नायलॉन किंवा लायक्राचा पोशाख लागतो. घरून नेला नाही तर तेथे विकत किंवा भाड्याने घ्यावा लागतो. आपल्या बायका-मुलींसाठी पूर्ण बाह्यांचा, पूर्ण पायांचा, डोके झाकणारा नायलॉनचा पोशाख आता बाजारात मिळतो. निघण्यापूर्वी त्या बागेचे पोशाखाचे नियम फोन करून विचारावेत. म्हणजे दारात हुज्जत होत नाही आणि कोणी कोरडे बसून राहत नाही.

व्यापाऱ्यांनी येथे एक संधीही पाहावी. सुट्टीच्या आधी महिनाभर असा माल दुकानात मांडला तर तो विकला जातो. आपल्या भागातले शिलाई कारागीर हे काम करू शकतात. फक्त ताणणाऱ्या कपड्याला साधी शिलाई चालत नाही, ती तडकते. ओव्हरलॉक मशीन आणि ताण घेणारा दोरा लागतो.

एकूण पाहता, वारणा खोऱ्यातल्या कुटुंबाला वर्षातून एकदा, थोड्या वेळात जायचे असेल तर इमॅजिका सोयीचे. बेंगळूर-म्हैसूरला माल खरेदीसाठी किंवा नातेवाइकांकडे जाणे होणारच असेल तर वंडरला पदरात पाडून घ्यावे. तेवढ्यासाठी मुद्दाम जाणे परवडणारे नाही.

व्यापाऱ्याच्या नजरेने

आता दुसरा हिशोब. गिऱ्हाईकाला जे सोयीचे वाटले, त्याच्या मालकाला मात्र ते टिकवता आले नाही. असे का व्हावे?

इमॅजिका उभे करायला सुमारे १६०० कोटी रुपये लागले. त्यातला मोठा हिस्सा बँकांच्या कर्जाचा होता. बागेचे पहिले तिकीट फाटण्याआधीच कर्जाचा बोजा उभा होता. मालात खोट नव्हती. अशी सजावट आणि असे पाळणे देशात आधी फारसे कोणी पाहिले नव्हते. पण गर्दी अंदाजाएवढी झाली नाही. जागा मुंबई आणि पुणे यांच्या मध्ये आहे. कागदावर दोन्ही शहरे हाताशी दिसतात. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या माणसाला टोल भरून, पूर्ण दिवस काढूनच यावे लागते. असे गिऱ्हाईक एकदा येते आणि पुन्हा लवकर येत नाही. बेंगळूरच्या वंडरलाला एक मोठे शहर तीसेक किलोमीटरवर आहे. शाळांच्या आणि कंपन्यांच्या सहली तेथे वर्षभर येतात.

या धंद्याची एक अडचण कापडवाल्याने समजून घेण्याजोगी आहे. आपला ताका आज विकला गेला नाही तर उद्या विकतो, फार तर मोसम संपल्यावर भाव पाडून विकतो. रोलर कोस्टरची रिकामी खुर्ची मात्र आज गेली ती गेली. वीज, देखभाल, पगार आणि व्याज हे चारही खर्च बागेत माणूस येवो न येवो, चालूच राहतात. पहिले तीन खर्च दोन्ही बागांना सारखेच लागू आहेत. फरक पडला तो चौथ्यात.

भांडवल बाजारातही हा फरक दिसला. वंडरलाने एप्रिल २०१४ मध्ये शेअर विकले तेव्हा १२५ रुपये भावाला मागणी कित्येक पटींनी आली. त्यातून हैदराबादच्या बागेचा पैसा उभा राहिला. इमॅजिकाच्या कंपनीने मार्च २०१५ मध्ये शेअर विकायला काढले तेव्हा ठरवलेला भाव खाली आणावा लागला आणि मुदतही वाढवावी लागली. एक कंपनी नवी बाग बांधण्यासाठी पैसा मागत होती आणि दुसरी मुख्यतः जुने कर्ज हलके करण्यासाठी. घेणाऱ्याला हे कळते.

वंडरलाने आणखी एक केले. बरेच पाळणे स्वतःच्या कारखान्यात बनवले, परदेशातून निवडक तेवढेच आणले. यामुळे खरेदी स्वस्त पडली. त्याहून मोठा फायदा असा की दुरुस्ती करणारा कारागीर घरचाच राहिला. यंत्र बंद पडले की परक्या मिस्त्रीची वाट पाहणे काय असते, हे इचलकरंजीच्या माग मालकाला वेगळे सांगायला नको.

सरकारी कराचा फटका दोघांनाही बसला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा अशा बागांच्या तिकिटावर २८ टक्के कर लागला. तो जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आला. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे दोघांचीही दारे बंद झाली. दोघांनीही तोटा सोसला. पण वंडरलाच्या डोक्यावर मोठे कर्ज नव्हते, म्हणून ते थांबून राहू शकले. इमॅजिकाचे हप्ते त्याआधीच थकले होते. अखेर २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने कंपनीचा ताबा घेतला. तंबाखूच्या धंद्यातून वर आलेल्या या समूहाला शिर्डीत पाण्याची बाग चालवण्याचा अनुभव होता. बँकांना येण्यातला मोठा भाग सोडून द्यावा लागला.

येथे थांबून विचार करावा. बाग तीच, जागा तीच, नायट्रोही तोच. पूर्वीच्या मालकाला जी परवडली नाही ती नव्या मालकाला परवडू शकते, कारण त्याला ती कमी किमतीत आणि हलक्या कर्जावर मिळाली. आपल्या भागात हे नवे नाही. एकाने कर्जावर नवे शटललेस माग घेतले आणि तो हप्त्यांत बुडाला. दुसऱ्याने तेच माग लिलावात घेतले आणि त्यावर घर बांधले. सूत एक, कापड एक, बाजारभाव एक. माग कोणत्या भावात पडला एवढाच फरक.

आपल्या दुकानाला यातून काय

समजा एखाद्या दुकानदाराने नवा मजला चढवण्यासाठी २० लाख रुपये १२ टक्क्यांनी काढले. वर्षाचे व्याज २ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला २० हजार. कापडावर सर्व खर्च जाऊन शंभरामागे ८ रुपये सुटत असतील, तर नुसत्या व्याजासाठी दर महिन्याला अडीच लाखांची जादा विक्री हवी. मुद्दल त्याहून वेगळे. ही जादा विक्री ईदच्या महिन्यात होईल, लग्नसराईत होईल. पावसाळ्याच्या चार महिन्यांत होईल का, हा खरा प्रश्न आहे. व्याजाबद्दल दीनचा हुकूम वाचकांना ठाऊक आहे. येथे आम्ही फक्त वहीतला हिशोब मांडला, आणि वहीही सावध राहायलाच सांगते.

वंडरलाच्या वाटेचा दाखला आपल्या उंबरठ्यावरही आहे. तात्यासाहेब कोरे यांनी वारणेत आधी साखर कारखाना उभा केला, मग दूध संघ, मग वारणा बाजार. पहिल्याचे पाय जमिनीत रोवले गेल्यावर दुसऱ्याला हात घातला. सर्व काही एकाच वर्षी, एकाच कर्जावर उभारायचे ठरवले असते तर आज वारणानगरचे चित्र वेगळे असते.

म्हणून आमचे उत्तर असे. एका दिवसाची मौज वारणेतून जाऊन घ्यायची तर इमॅजिका बरे. पण त्याच रस्त्यावरून धंद्याचा धडा घ्यायचा तर तो बिडदीच्या वंडरलाकडून घ्यावा. आधी एक चालवून दाखवावे, त्याच्या कमाईतून दुसरे उभारावे, दुरुस्तीचा कारागीर घरचा असावा आणि गिऱ्हाईक पुन्हा येण्याच्या अंतरावर असावे. नवी शाखा, नवा माग किंवा नवी मशीन घेण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांनी सर्वांत मंदीच्या महिन्याची विक्री आधी कागदावर लिहावी. त्या विक्रीतून हप्ता जात असेल तरच बयाणा द्यावा.