पाठ सपाट हवी

ग्रीटिंगवर लावायच्या मातीच्या फुलाची परीक्षा पुढून होत नाही, पाठीवरून होते. पाठ सपाट असेल तर फूल कार्डावर बसतं. मध्ये जराशी फुगीर राहिली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी फूल टेबलावर आणि कार्डावर नुसता डिंकाचा डाग. जालन्यात आमच्या गल्लीत अशी कार्डं करणाऱ्या तिघी-चौघी आहेत. एक शाळेत शिकवते, एक ब्लाउज शिवते. वाढदिवस, राखी, डोहाळजेवण, कुणाच्या लग्नाची पंचविशी, मागणी आली की दुपारची भांडी आवरून ओट्यावर फेव्हिकॉलची बाटली येते. त्यांच्यात बसून मीही शिकले. यात कलाकुसर म्हणतात ती शेवटच्या दहा मिनिटांची, बाकी सगळा स्वयंपाकच.

एक वाटी फेव्हिकॉल, एक वाटी कॉर्नफ्लोअर, दोन चमचे लिंबाचा रस, दोन चमचे बेबी ऑइल. मोदकाची उकड काढतो तसं मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी गुठळ्या होतात, जीव घाबरतो, मग अचानक सगळं एकजीव होऊन गोळा कढई सोडायला लागतो. तिथेच गॅस बंद. आणखी अर्धा मिनिट ठेवलं तर गोळा रबरासारखा होतो आणि साच्यातली रेघ उचलत नाही. कोमट असतानाच हाताला कोल्डक्रीम चोळून मळायचा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायचा. ही कढई पुन्हा भाजीला घ्यायची नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलं जातं. या गोळ्याला सगळ्या ‘माती’ म्हणतात, पण मातीचा कणही त्यात नसतो. बाजारात ‘शिल्पकार’ मिळतं, दोन कांड्या एकत्र मळायच्या, काही तासांत दगड. पण ते जड पडतं, आणि कार्डाला जड काही चालत नाही.

खरी माती का नाही घेत, असं मी विचारलं तेव्हा शिवणवाल्या वहिनींनी अंगणातलंच ढेकूळ आणून भिजवलं आणि फूल दाबून दाखवलं. संध्याकाळपर्यंत प्रत्येक पाकळी उलली होती. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आक्रसते. एप्रिलमध्ये शेताला पडलेल्या भेगा ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे सांगायला नको. बारीक नक्षीला माती अशी लागते की जी वाळताना फार आटत नाही, जिचा कण मऊ असतो आणि जी साच्याचा कोपरान्‌कोपरा भरते.

तशी माती या जिल्ह्यातल्या कारागिरांच्या हातात एकदा होती, आणि त्याला दोन हजार वर्षं होत आली.

जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनला जाता येतं. केळणा नदीच्या काठचं हे गाव म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भरहुत इथल्या स्तूपांना ज्यांनी दान दिलं त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. तिथल्या दगडांवर गावाचं नाव कोरलेलं आहे. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांचा त्यावरचा अहवाल पुढच्याच वर्षी आला. त्यातली गाजलेली वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा. इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली १९३८ साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी हा तुकडा इतका जुळतो की रोमशी असलेल्या व्यापाराची गोष्ट निघाली की भोकरदनचं नाव येतंच. मला मात्र तिथल्या केओलिनच्या मूर्ती जास्त जवळच्या वाटतात. केओलिन म्हणजे पांढरट, मऊ माती. तेर, पैठण, नेवासे आणि भोकरदन या सातवाहनकाळच्या गावांतून तिच्या लहान लहान मूर्ती निघाल्या: भरगच्च केशभूषा, कानात मोठी कर्णभूषणं, गळ्यात हार, आणि हे सगळं मुठीत मावेल एवढ्या जागेत. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या सरकारी वस्तुसंग्रहालयात त्या बघायला मिळतात.

या मूर्ती हाताने घडवलेल्या नाहीत. त्या दुहेरी साच्यातल्या आहेत. पुढचा अर्धा एका साच्यात, मागचा अर्धा दुसऱ्यात. दोन्हीत माती पातळ थापायची, जरा सुकली की कडा ओल्या करून जोडायच्या, सांध्यावर बोट फिरवायचं. आत पोकळी राहते, म्हणून मूर्ती हलकी होते आणि भट्टीत तडकण्याची भीती कमी. दोन साचे लागतात त्याचं कारण अगदी साधं आहे. भाजलेल्या मातीचा साचा वाकत नाही. नाकाखाली, हनुवटीखाली, केसांच्या गाठीमागे माती अडकली की ती सोडवताना नाकच तुटतं. म्हणून मूर्ती कानाच्या रेषेवर उभी दुभागायची, म्हणजे दोन्ही अर्धे सरळ बाहेर येतात.

ही अक्कल आपल्या घरात अजून आहे. पाडव्याच्या गाठी आठवा. लाकडी साच्यात दोरा टाकून साखरेचा पाक ओततात, थंड झाला की साच्याचे भाग उघडून माळ सोडवतात. गाठीतल्या पदकाच्या कडेला जी बारीक रेघ असते तो साच्याचा सांधा. लहानपणी ती रेघ जिभेने चाटून गुळगुळीत करायची, एवढाच तिचा उपयोग आम्हाला माहीत होता.

कार्डाच्या फुलाला मात्र एकच साचा पुरतो, कारण त्याला पाठ लागतच नाही. शिवाय साचा आता सिलिकॉनचा असतो, मोज्यासारखा उलटा करून फूल बाहेर काढता येतं. नाकाखाली काही अडकायचा प्रश्नच उरला नाही. यामुळे काम सोपं झालं आणि थोडं बिघडलंही. सगळ्यांकडे तेच साचे, तोच गुलाब, तेच फुलपाखरू. आमच्यातल्या शाळेच्या बाईंनी यावर तोड काढली. त्या घरातल्या वस्तूंवरून साचा घेतात: आजीच्या बुगडीवरून, जुन्या कोटाच्या बटणावरून, एकदा तर मोसंबीच्या सालीवरून. वस्तूला कॉर्नफ्लोअरची भुकटी चोळायची, गोळ्यावर दाबायची, उचलायची, ठसा दोन दिवस वाळू द्यायचा. हा साचा कडक असतो, म्हणून खोल दाबून चालत नाही. इथे भोकरदनच्या कारागिराची अडचण त्यांना आयती मिळते. बुगडीचे मोती वेगळे करून दोन तुकड्यांत दाबावे लागतात.

साच्यात गोळा भरताना मधून बाहेर अंगठा फिरवायचा, नाहीतर टोकाशी हवा राहून पाकळीला भोक पडतं. मग वर कडक पट्टी ओढून जादा माल कापायचा. इथेच पाठ सपाट होते. वाळायला एक ते तीन दिवस. मे महिन्यात जालन्यात पंख्याखाली ठेवलं तरी कडा वर उचलतात, म्हणून वरून कागद झाकतात. पावसाळ्यात उलट रड असते, आठवडा गेला तरी फूल चिकट आणि एखाद्यावर बुरशी. लिंबाचा रस त्यासाठीच घालायचा. वाळताना फूल किंचित लहान होतं, त्यामुळे ओलं असतानाच कार्डावर चिकटवणाऱ्याचं कार्ड वाकतं.

कार्डासाठी हातकागद मिळाला तर उत्तम. तो खडबडीत असल्यामुळे डिंक धरतो. आपल्याला तो परका नाही. दौलताबादजवळचं कागजीपुरा हे गाव नावानेच आपला धंदा सांगतं. १३२७ साली तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तिच्या पाठोपाठ कागद करणारे आले असं मानतात. पुण्याची हातकागद संस्था १९४० ची. पण एरवी स्टेशनरीच्या दुकानातला ३०० जीएसएमचा जाड कागदच घेतला जातो, आणि इथे हिशेब आडवा येतो. ए-फोर आकाराच्या अशा एका कागदाचं वजनच जवळपास १९ ग्रॅम भरतं. पत्राचा टपालखर्च वीस-वीस ग्रॅमच्या टप्प्याने वाढतो. म्हणजे पाकीट आणि फूल धरायच्या आधीच पहिला टप्पा संपत आला. फूल कार्डाच्या खालच्या तिसऱ्या भागात लावतात, तेही दिसायला बरं म्हणून नव्हे. वर लावलं तर उभं केलेलं कार्ड तोंडावर आपटतं.

संक्रांतीला पूर्वी शुभेच्छापत्राच्या पाकिटात चिमूटभर काटेरी हलवा घालून पाठवायचे. पोचेपर्यंत त्याचे काटे झडायचे, पण हलवा चुरला म्हणून कुणी नाराज होत नसे. मातीच्या फुलाला ती सूट नाही. माझं पहिलं कार्ड पुण्याला भाचीकडे पोचलं तेव्हा गुलाबाचा भुगा पाकिटाच्या कोपऱ्यात जमला होता आणि त्यावर शिक्का अगदी स्पष्ट उमटला होता. तेव्हापासून कार्ड मिठाईच्या रिकाम्या खोक्यात, कापसात बसवून, पुण्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती देते. यंदा पाडव्याला बुगडीच्या साच्यातली तीन फुलं पांढरीच ठेवली होती, रंग दिला नव्हता. संध्याकाळी भाचीचा फोन आला.

“मावशी, कार्ड मस्त आहे गं. पण गाठी कुठल्या आणल्यास? आरवने एक खाल्ली, गोडच नाही म्हणतोय.”