हातपंपाचा धडा

वस्तू कशी घडवावी आणि ती उत्तरोत्तर कशी सुधारावी, याचे आता एक रीतसर शास्त्र झाले आहे. योजना, कृती, पडताळणी आणि सुधारणा हे डेमिंग यांच्या नावाने ओळखले जाणारे चक्र जपानी कारखानदारांनी आत्मसात केले आणि पुढे ते जगभर शिकविले जाऊ लागले. परंतु अशा चौकटी मोटारी व यंत्रे बनविणाऱ्यांपुरत्याच असतात, हा समज बरोबर नव्हे. भारतीय खेड्यातील हातपंपाची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे.

1966-67 च्या बिहारमधील दुष्काळानंतर कठीण खडकांच्या प्रदेशात विंधनविहिरींची मोहीम सुरू झाली. त्यांवर बसविलेले ओतीव लोखंडाचे पंप मुळात पाश्चात्य देशांतील एकेका कुटुंबाच्या गरजेसाठी कल्पिलेले होते. येथे मात्र एकाच पंपावर साऱ्या गावाची रांग लागे. पंप मोडत, विहिरीत पाणी असे आणि बायाबापड्या पुन्हा मैलोगणती पायपीट करीत. बसविलेल्या पंपांचे आकडे अहवालांत वाढत होते; चालू पंपांची मोजदाद सत्तरच्या दशकात झाली, तेव्हा त्यांतील बहुसंख्य बंद असल्याचे आढळले.

उत्तराचा आरंभ महाराष्ट्रात झाला, हे मुद्दाम सांगावयास हवे. जालना आणि सोलापूर येथे पोलादी पंपांचे प्रयोग झाले होते. सोलापूरच्या नमुन्याचा आधार घेऊन युनिसेफ, मद्रासची ‘मेराडो’ ही संशोधनसंस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास हा सरकारी कारखाना यांनी नवा पंप सिद्ध केला. कोईमतूरच्या परिसरात, जेथे पाणी फार खोल होते, त्याची कसोटी घेण्यात आली. हाच ‘इंडिया मार्क-2’. 1979 साली भारतीय मानक संस्थेने त्याचे मानक निश्चित केले.

तथापि पडताळणी तेथे थांबली नाही, हेच या कथेतील मर्म होय. पंप टिकाऊ होता, पण जमिनीखालचा भाग दुरुस्त करावयाचा तर सगळे नळ वर काढावे लागत. त्यासाठी तालुक्याहून गाडी आणि पथक येईपर्यंत गाव ताटकळत बसे. म्हणून ‘मार्क-3’ मध्ये नळाचा व्यास वाढविण्यात आला आणि नळ न काढताच दट्ट्या वर घेता येऊ लागला. पंप थोडा महागला, परंतु दुरुस्ती गावाच्या आवाक्यात आली.

2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने आता घरोघरी नळाचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते स्तुत्यच आहे. पण नळजोडण्यांची संख्या हा यशाचा पुरेसा निकष नव्हे. आज सकाळी किती नळांना पाणी आले आणि बंद नळ किती दिवसांत, कोणाच्या हातून दुरुस्त झाला, हे मोजले गेले पाहिजे. नपेक्षा हातपंपाने एकदा महाग किमतीला शिकविलेला धडा देशाला पुन्हा गिरवावा लागेल, आणि त्याची किंमत पूर्वीप्रमाणेच डोईवर हंडा घेणारीला मोजावी लागेल.