घरच्या स्टुडिओला कॉम्प्युटर घेताना

संगीतासाठी मॅकच लागतो, हे वाक्य गेली तीसेक वर्षं कानावर येतंय, आणि सुरुवातीला ते खोटंही नव्हतं. डिजिडिझाइन या अमेरिकन कंपनीने १९९१ साली प्रो टूल्स हे रेकॉर्डिंगचं साधन आणलं ते मॅकिंटॉशसाठी. मोठ्या स्टुडिओंनी ते घेतलं, म्हणून त्यांच्याकडे मॅक आले, आणि तिथे घडलेल्या साउंड इंजिनिअरांच्या हाताला तेच वळण लागलं. जर्मनीत लोक अटारी एसटीवर काम करत होते, कारण १९८५ मध्ये निघालेल्या त्या स्वस्त मशीनला मिडीचे, म्हणजे कीबोर्डसारखी वाद्यं जोडायचे, पोर्ट कारखान्यातूनच बसवून येत. क्यूबेस तिकडचं, हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गचं. लॉजिकही मुळात जर्मन, एमॅजिक कंपनीचं, आणि ते विंडोजवर व्यवस्थित चालायचं. २००२ मध्ये ॲपलने एमॅजिक विकत घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद केली. कुठे काय चालतं हे असं खरेदी-विक्रीतून ठरत आलंय.

आवाजाचा मुद्दा आधीच निकालात काढू. मॅकवरचा मिक्स उबदार आणि विंडोजवरचा कोरडा, असं छातीठोकपणे सांगणारे आजही भेटतात. तपासायची रीत सोपी आहे. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर दोन्हीकडे चालतं. तेच सेशन, तेच प्लगिन (सॉफ्टवेअरला जोडलेले इफेक्ट किंवा वाद्यं) घेऊन दोन्ही मशीनवरून वेव्ह फाइल काढायची, दोन्ही फाइली एकाखाली एक ठेवायच्या आणि एकीची फेज उलटी करायची. सारख्या असतील तर त्या एकमेकींना पुसून टाकतात. कोरस किंवा काही रिव्हर्ब यांसारखे, प्रत्येक वेळी थोडे वेगळे डुलणारे इफेक्ट सोडले, तर कानाला ऐकू येईल असं काही मागे उरत नाही. मिक्स बिघडतो तो माइकमुळे, स्पीकरमुळे आणि सगळ्यात जास्त दहा बाय दहाच्या चौकोनी खोलीमुळे. पण खोलीवर कुणी भांडत नाही. भांडायला मॅक आणि विंडोज सोयीचे पडतात.

मग फरक उरतो कुठे? वेळेच्या हिशेबात.

माइकमधून आलेला आवाज कॉम्प्युटरमध्ये सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या रूपात उतरतो. सीडीसाठी हा आकडा ४४,१०० असतो. व्हिडिओच्या कामात ४८,००० रूढ आहे. एकेक नमुना सुटा हाताळणं प्रोसेसरला परवडत नाही, म्हणून नमुने गठ्ठ्याने घेतले जातात. हा गठ्ठा म्हणजे बफर. २५६ नमुन्यांचा बफर असेल तर तो ५.३ मिलिसेकंदांत वाजून संपतो, आणि तेवढ्या वेळात सगळ्या ट्रॅकवरचे सगळे इफेक्ट मोजून पुढचा गठ्ठा तयार असावाच लागतो. पंगतीतल्या वाढप्यासारखं हे काम आहे. पान रिकामं व्हायच्या आत पोळी यायला हवी. स्वयंपाकघरात पोळ्यांची चळत लागलेली असली, पण वाढपी वाटेत कुणाशी बोलत थांबला, तर पान रिकामंच राहणार. स्पीकरमधून तो क्षण ‘टक्’ किंवा ‘चर्र’ असा ऐकू येतो.

बफर मोठा केला, १,०२४ नमुन्यांचा, की मशीनला २१ मिलिसेकंद मिळतात आणि टकटक थांबते. पण मग वाजवलेलं उशिरा ऐकू येतं. या उशिराला लेटन्सी म्हणतात. आत येताना एक बफर आणि बाहेर जाताना एक, म्हणजे २५६ च्या सेटिंगलाही जवळपास ११ मिलिसेकंद झाले. इंटरफेसचे, म्हणजे माइक आणि कॉम्प्युटर यांना जोडणाऱ्या पेटीचे, स्वतःचे एक-दोन वर. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा ११ मिलिसेकंद म्हणजे पावणेचार मीटर लांबून ऐकल्यासारखं. पॅड धरून ठेवणाऱ्या कीबोर्डवाल्याचं त्यात काही अडत नाही. हेडफोन लावलेल्या तबलजीला मात्र चाटेवरचा ‘ना’ बोटाच्या मागून येतोय हे लगेच कळतं. गाणाऱ्याची अडचण वेगळी असते. त्याला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून ताबडतोब ऐकू येतोच, आणि मागून हेडफोनमधला येऊन त्यात मिसळतो. आवाज पोकळ वाटतो आणि मग सूर दाबून लावला जातो.

म्हणजे रेकॉर्डिंगला बफर लहान हवा आणि मिक्सिंगला मोठा चालतो. मिक्स करताना फेडर हलवल्यावर फरक वीस मिलिसेकंदांनी ऐकू आला तर काय बिघडतं? म्हणून नुसतं मिक्सिंगच करायचं असेल तर कुठलाही बऱ्यापैकी कॉम्प्युटर चालतो. रेकॉर्डिंगमध्येही एक पळवाट आहे. बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असतं. त्याने माइकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये जातो. गायक, हार्मोनियम, तबला, बासरी यांचं एवढ्यावर भागतं. ज्यांचा आवाजच कॉम्प्युटरमध्ये तयार होतो, त्यांना ही वाट बंद आहे: सॉफ्टवेअरच्या ॲम्प्लिफायरमधून गिटार वाजवणारे आणि मिडी कीबोर्डवरून सतार किंवा ढोलकीचे सॅम्पल वाजवणारे. खर्च कुठे करायचा याची पहिली विभागणी माझ्या मते इथे होते, ॲपलच्या दुकानात नव्हे.

आता प्लॅटफॉर्म. विंडोजची मूळची आवाजाची यंत्रणा ब्राउझर, गेम, मेलची टिंगटिंग हे सगळं एकत्र मिसळून स्पीकरला देण्यासाठी बांधलेली आहे. ती वाट लांबची पडते, म्हणून स्टाइनबर्गने १९९७ मध्ये एएसआयओ नावाचा आडरस्ता काढला, जो थेट सॉफ्टवेअरपासून इंटरफेसपर्यंत जातो. मात्र त्यासाठीचा ड्रायव्हर प्रत्येक इंटरफेस बनवणारी कंपनी स्वतः लिहिते किंवा लिहून घेते, आणि सगळ्यांचं लिहिणं सारखं नसतं. त्याच लॅपटॉपवर एक इंटरफेस ६४ नमुन्यांना शांत चालतो, तर दुसरा २५६ लाही कुरकुरतो. एएसआयओ-फॉर-ऑल हा फुकट मिळणारा ड्रायव्हर इंटरफेस नसेल तेव्हाची तात्पुरती सोय आहे. त्यावर स्टुडिओ उभा करू नये. मॅकमध्ये कोअर ऑडिओ ही यंत्रणा ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटातच आहे, आणि बरेच यूएसबी इंटरफेस तिथे वेगळा ड्रायव्हर न टाकता चालू होतात. मॅकच्या बाजूने बोलायला हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. विंडोजवाल्याने म्हणूनच आधी चांगल्या ड्रायव्हरचा इंटरफेस ठरवावा आणि मग कॉम्प्युटर बघावा.

वाटेत बोलत थांबणारा वाढपी विंडोजच्या लॅपटॉपमध्ये जास्त सापडतो. वायफाय, ब्लूटूथ, ग्राफिक्स यांचे ड्रायव्हर मधूनच प्रोसेसर अडवून धरतात. दोन मिलिसेकंद धरला तर मेल वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. १२८ च्या बफरवर मात्र एकूण वेळच २.७ मिलिसेकंदांचा असतो. लेटन्सीमॉन हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर नेमका कोणता ड्रायव्हर अडवतोय हे नावानिशी दाखवतं. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद करणं आणि पॉवरचं सेटिंग ‘हाय परफॉर्मन्स’वर नेणं, एवढ्यानेच पुष्कळदा प्रश्न सुटतो.

प्रोसेसरबद्दलचा एक गैरसमज महागात पडतो. कोअर जितके जास्त तितकं बरं, असं दुकानदार सांगतो. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर वाटता येतात हे खरं. पण एकाच ट्रॅकवर इक्वलायझर, मग कॉम्प्रेसर, मग रिव्हर्ब अशी साखळी असेल, तर आधीच्याचं उत्तर आल्याशिवाय पुढच्याला हात घालता येत नाही. मास्टर ट्रॅकवरची साखळी तर सगळ्यांचं काम झाल्यावरच सुरू होते. तिथे एकट्या कोअरचा वेग मोजला जातो, आणि म्हणूनच टास्क मॅनेजर तीस टक्के दाखवत असताना आवाज फाटू शकतो. मिक्स अडला तर आधी मास्टरवरचे जड प्लगिन काढून बघावीत. हा उपाय फुकटचा आहे.

मेमरी लागते ती सॅम्पलसाठी. कॉन्टॅक्टसारखे प्लेअर प्रत्येक सुराची सुरुवात मेमरीत भरून ठेवतात आणि उरलेला सूर वाजता वाजता डिस्कवरून खेचतात. गाणं, हार्मोनियम, तबला आणि दोन गिटार एवढाच पसारा असेल तर १६ जीबी भरपूर झाली; पूर्ण ऑर्केस्ट्रा बसवायचा असेल तर ३२ किंवा ६४. डिस्कची काळजी लोक उगाच करतात. ४८,००० नमुन्यांचा, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा घेतो, म्हणजे पाच मिनिटांचे चाळीस ट्रॅक पावणेदोन जीबीत मावतात. एसएसडी असावीच, पण सॅम्पलसाठी बाहेरून जोडलेली चालते. मॅकमध्ये ही गोष्ट कामी येते, कारण आजच्या मॅकमध्ये मेमरी नंतर वाढवता येत नाही आणि घेतानाच जास्त स्टोरेज मागितलं तर किंमत झपाट्याने चढते. पैसे मेमरीवर घालावेत, साठवण बाहेर ठेवावी.

याहून मोठा प्रश्न आहे की तुम्ही कुणाबरोबर काम करणार. मुंबईत सिनेमाच्या मिक्सिंगला प्रो टूल्सची सत्ता आहे; ते आज मॅक आणि विंडोज दोन्हीवर चालतं. डीजे रिमिक्सवाल्यांच्या जगात एफएल स्टुडिओ घट्ट बसलंय, आणि ते २०१८ पर्यंत विंडोजपुरतंच असल्यामुळे त्यांच्या मशीनही तशाच. लॉजिक आजही फक्त ॲपलवर. ए. आर. रहमान लॉजिकवर काम करतात हे ऐकून मॅक घेणारे पुष्कळ आहेत. त्यात गैर काही नाही, फक्त त्यांच्या मशीनइतकंच त्यांच्या वादकांकडेही लक्ष द्यावं. तुमचा अरेंजर लॉजिकवर असेल आणि सेशनची देवाणघेवाण रोजची असेल, तर वाद संपला, मॅक घ्या. काम शेवटी दुसऱ्याकडे मिक्सला पाठवायचं असेल, तर प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्यापासून सुरू होणारी वेव्ह फाइल म्हणून काढून द्यावा. त्या फाइली कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये जागच्या जागी बसतात. प्लगिनचं मात्र बघून घ्यावं: लॉजिकला फक्त ऑडिओ युनिट्स चालतात, प्रो टूल्सला एएएक्स, बाकी बहुतेकांना व्हीएसटी. बरीचशी नामांकित प्लगिन तिन्ही प्रकारांत मिळतात. जुनी, हौशी माणसांनी बनवलेली फुकट प्लगिन सहसा विंडोजपुरतीच असतात.

लिनक्सचं थोडक्यात. रीपर, आर्डर आणि बिटविग तिथे चालतात, आणि रिअल-टाइम कामाची सोय २०२४ मध्ये मूळ कर्नेलमध्येच आली. यंत्रणा उत्तम आहे, पण कॉन्टॅक्ट आणि बाजारातली अनेक मोठी प्लगिन तिकडे अधिकृतपणे येत नाहीत. ज्याला खटपटीत गाण्याइतकाच आनंद मिळतो त्याने जरूर जावं.

जुनं घेणाऱ्यांनी तारखा बघाव्यात. ॲपलने २०२० च्या अखेरीस स्वतःच्या एम-वन चिपचे मॅक आणले. त्याआधीच्या इंटेलच्या मॅकपैकी मोजक्यांनाच मॅकओएस २६ मिळते आणि ती त्यांची शेवटची आवृत्ती आहे. म्हणून स्वस्तात मिळणारा इंटेलचा मॅकबुक फार दिवस साथ देणार नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. नव्या आवृत्तीबाबत मॅकवाल्यांनी जास्त सबुरी ठेवावी. २०१९ च्या कॅटालिनाने ३२ बिटची सगळी सॉफ्टवेअर एका फटक्यात बाद केली होती. आपल्या प्लगिनच्या कंपन्यांनी हिरवा कंदील दाखवल्याशिवाय अपडेट करू नये, आणि गाणं अर्धवट असताना तर मुळीच नाही.

आपल्या घरांतली एक गोष्ट परदेशी पुस्तकांत सापडत नाही: भिंतीतली अर्थिंगची वायर पुष्कळदा नुसती नावाला असते. मग लॅपटॉपचा चार्जर लावला की हेडफोनमध्ये ‘घूंऽऽ’ सुरू होतं, आणि धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात. मशीनला दोष देण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावं. तिसरी पिन काढून टाकण्याचा उपाय आवाज घालवतो, पण जिवावर बेतू शकतो. रेकॉर्डिंगपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवला तर गुणगुण बहुधा जाते. छताचा पंखा तर बंद करावाच लागतो, आणि त्या शांततेत लॅपटॉपचा पंखा पहिल्यांदा ऐकू येतो. आजच्या मॅकबुक एअरला पंखाच नाही. तानपुऱ्यावर आलाप रेकॉर्ड करणाऱ्याला हे सुख मोठं आहे. लांबलचक जड मिक्सला मात्र तो तापून मंदावतो.

मला कुणी विचारलं तर मी सांगतो: हातात काहीच नसेल, घरातच काम असेल आणि साठेक हजार काढता येत असतील, तर एम-फोर चिपचा मॅक मिनी घ्या. २०२४ मध्ये तो १६ जीबी मेमरीसह ५९,९०० रुपयांना आला. मॉनिटर, कीबोर्ड, माउस वेगळे. घरात चार-पाच वर्षांच्या आतला विंडोजचा कॉम्प्युटर असेल तर तो बदलू नका. रीपर साठ दिवस फुकट वापरून बघता येतं आणि छोट्या वापरासाठी त्याचा परवाना साठ डॉलरला मिळतो. वाचलेले पैसे इंटरफेस, माइक आणि खोलीच्या भिंतींवर जाऊ द्या. फुकट उतरवलेलं चोरीचं सॉफ्टवेअर टाकू नका. ते नेमकं रेकॉर्डिंगच्या दिवशी बंद पडतं, आणि सोबत काय आलंय ते बँकेच्या ओटीपीवरून कळतं.

विंडोजचा लॅपटॉप विकत घेण्याआधी, विशेषतः जुना, दुकानात अर्धा तास मागून घ्यावा. आपला इंटरफेस, त्याचा ड्रायव्हर आणि वीसेक ट्रॅकचं एक सेशन पेन ड्राइव्हवर न्यावं. बफर १२८ वर ठेवून वायफाय चालू असताना दहा मिनिटं वाजू द्यावं, लेटन्सीमॉन बाजूला उघडं ठेवावं, पंखा किती वेळाने आणि किती जोरात सुरू होतो ते ऐकावं. मग चार्जर काढून तेच पुन्हा करावं, कारण बॅटरीवर गेल्यावर बरेच लॅपटॉप प्रोसेसरचा वेग न सांगता उतरवतात.